ऑनलाइन आहे, बघून घ्या!

पोस्ट मोठी आहे. पण पैसा तुमच्याच गावाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी जुन्नर तालुक्यातला. सासुरवाडी आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला एका गावाची अब्रू काढायची नाही आणि जे सांगतोय ते दोन्ही तालुक्यांत कुठंही घडू शकतं.

उन्हाळ्यातली ग्रामसभा होती, मी योगायोगाने तिथं होतो. अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत घातलेला. सभा शाळेच्या पडवीत. मागचं इतिवृत्त वाचून झालं, दोन-चार ठराव झाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आजी उठल्या. म्हणाल्या, "आमच्या वाडीच्या पाण्याच्या पायपाचं पैसं आलं व्हतं म्हनं. कुठं गेलं?"

टेबलामागून उत्तर आलं, "आजी, सगळं ऑनलाइन आहे. बघून घ्या."

आणि सभा पुढच्या विषयावर गेली.

आजींकडे बटणांचा फोन आहे. वाडीत रेंज नाही, खिंडीत चढून गेलं तर मिळते. त्या खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "लाइनीवर हाय म्हनतोय. कंच्या लाइनीवर?" बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी खिंडीत गेलो. फोनवर ई-ग्रामस्वराज उघडलं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष निवडलं. गोल फिरतंय, फिरतंय, शेवटी उघडलं. खरं सांगतो, हिशोब होता. जमा होती, खर्च होता, वर्षाचं पुस्तक बंद केलेलं होतं. पाणीपुरवठ्याखाली पाइपलाइन दुरुस्तीची लाखाच्या आतबाहेरची रक्कम खर्च दाखवलेली. कुठल्या वाडीची पाइपलाइन? ते नाही. कुणाला पैसे दिले, हे आजींना कळेल अशा भाषेत? तेही नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन विचारलं. ग्रामसेवकांनी (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) कपाटातून फाइल काढून समोर ठेवली. बिल होतं, मोजमाप होतं, ठराव होता. पाइप बदलला होता तो ओढ्यापलीकडच्या वाडीचा. आदल्या पावसाळ्यात तिथली लाइन वाहून गेली होती, म्हणून ते काम आधी घेतलं. पैसा कुणी खाल्ला नव्हता.

पण आजींची वाडी दोन वर्षं हेच धरून बसली होती की सरपंचबाईंनी पैसे खाल्ले. लग्नाकार्यात त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती. त्या बाईंनी काय सोसलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

म्हणजे बघा. हिशोब खरा होता. हिशोब पोर्टलवर होता. दिल्लीच्या दफ्तरी गाव हिरव्या रंगात होतं. आणि तरीही गाव फुटलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: ऑनलाइन टाकलेला हिशोब हा जाहीर झालेला हिशोब नव्हे. हिशोब जाहीर होतो तेव्हा, जेव्हा ज्याचा पैसा आहे त्याला तो कळतो.

आता हे ऑनलाइन प्रकरण आलं कुठून, ते थोडक्यात.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलपासून लागू झाली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० साठी ग्रामपंचायतींना थेट पैसा द्यायचं ठरवलं, देशभर मिळून २ लाख कोटींच्या वर. त्यातला एक भाग असा होता की हिशोब तपासून घेतला असेल तरच मिळणार. पंधराव्या आयोगाने अट आणखी आवळली. २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटींची शिफारस केली आणि सांगितलं, आधीच्या वर्षाचा तात्पुरता हिशोब आणि त्याच्या मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण झालेला हिशोब, दोन्ही लोकांना दिसतील असे ऑनलाइन हवेत. पहिली दोन वर्षं राज्यातल्या निदान २५ टक्के संस्थांनी हे केलं तरी चालणार होतं. २०२३-२४ पासून मात्र ज्या संस्थेचे दोन्ही हिशोब ऑनलाइन, तिचाच पैसा राज्याला मिळणार.

एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज आलं, जोडीला लेखापरीक्षणासाठी ऑडिटऑनलाइन आलं. रोकड वहीचे दिवस सरले. आता पैसे देतानासुद्धा ग्रामसेवक आणि सरपंच दोघांची डिजिटल सही लागते.

हे वाईट झालं का? अजिबात नाही. मी ऑनलाइनच्या विरोधात नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये काही जण तेवढ्यावरच तुटून पडतील. जुन्या काळी रोकड वही कुणाच्या घरी असायची, दोन-दोन महिने कोरी कशी राहायची आणि तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने कशी भरली जायची, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आज खिंडीत उभा राहून मी सासुरवाडीचा हिशोब उघडू शकलो ही मोठीच गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी मला 'पाव्हणं, तुमचा काय संबंध' म्हणून हाकललं असतं.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. हा सगळा खटाटोप लोकांना हिशोब कळावा म्हणून होता. तो आता पुढचा हप्ता मिळावा म्हणून चालतो.

तालुक्याच्या ग्रुपवर यादी पडते. कुणाचं पुस्तक बंद झालं, कुणाचं राहिलं. राहिलेल्यांना फोन सुरू. मार्च-एप्रिलमध्ये संगणक परिचालक रात्री रात्री बसून नोंदी टाकतो, कारण दिवसा सर्व्हर रडतो. त्या घाईत 'वाडीचं नाव लिही, कामाचं नीट वर्णन लिही' हे कोण सांगणार? रकान्यात काहीतरी भरलं की झालं. रकाना भरला की गाव हिरवं. वर बसलेल्यांना गाव हिरवं दिसतं, आणि आजींची वाडी कोरडीच.

त्या परिचालकाबद्दलही दोन शब्द. २०११ ला 'संग्राम' आलं, मग 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं. नावं बदलली, पोरगा तोच. मानधन वेळेवर मिळावं, कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून या पोरांनी राज्यभर कितीतरी आंदोलनं केली. गावाचा अख्खा पैशाचा व्यवहार ज्याच्या बोटांखालून जातो, तो स्वतःच्या मानधनाची वाट बघत बसलेला. यालाच आपण डिजिटल पंचायत म्हणतो.

आणि ती डिजिटल सही! नियम असा की ग्रामसेवकाची सही त्यांच्याकडे, सरपंचांची सरपंचांकडे. एकाने पैसे देण्याचं तयार करायचं, दुसऱ्याने बघून मंजूर करायचं. एक चुकला तर दुसरा धरेल, हा त्यातला हेतू. प्रत्यक्षात त्या दोन्ही चाव्या किती ठिकाणी एकाच ड्रॉवरमध्ये असतात? सरपंच बाई असेल तर तिची चावी किती ठिकाणी नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असते? महिला सरपंचांनो, ताई, तुम्हाला हात जोडून सांगतो. ती चावी तुमची सही आहे. कोऱ्या चेकवर सही करून दिली असती का? मग ही चावी कशी देता? उद्या चौकशी लागली तर नाव तुमचं येणार, दिराचं नाही.

आता शिक्षेचं बघू.

हिशोब ऑनलाइन नाही, तर पैसा नाही. ऐकायला चोख वाटतं. पण शिक्षा कुणाला होते? पंधराव्या आयोगाच्या पैशातला मोठा भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. तो अडला की अडतं ते पाणी. ज्याने हिशोब भरला नाही त्याचा पगार थांबत नाही. ज्या बाईला हांडा घेऊन ओढ्यावर जावं लागतं तिचा हांडा रिकामा राहतो.

आणि लेखापरीक्षण? ते ग्रामपंचायत स्वतः करत नाही. राज्य सरकारचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. गाव त्या विभागाला तारीख देऊ शकत नाही. तिकडून उशीर झाला तरी गुन्हेगार गावच. चूक वरची, तहान खालची.

याच आयोगाची आणखी एक अट होती: निवडून आलेलं मंडळ नसेल तर अनुदान नाही. पुणे जिल्हा परिषदेची आणि आपल्या दोन्ही पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूक झाली नाही, प्रशासकच होता. महाराष्ट्रात या पैशाचे शंभरातले ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. निवडणूक घेणं ना जुन्नरच्या हातात होतं ना आंबेगावच्या. न्यायालयात आरक्षणाचा वाद चालला, सरकारं बदलली, आणि आपल्या या संस्था अटीत बसेनाशा झाल्या. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांच्या कुठल्या पुस्तकाला कुणी लाल रंग दिला का?

आणि हे बघा, ग्रामपंचायतीचा हिशोब निदान दिसतो तरी. त्याच गावात आदिवासी विकास विभागाचा खर्च होतो, बांधकाम विभागाचा होतो, जलजीवनची योजना होते, आमदार-खासदार निधीचा सभामंडप होतो. ग्रामपंचायतीच्या पन्नास हजारांसाठी दोन सह्या आणि पोर्टल. या बाकीच्या पैशाचं काय? गावातल्या माणसाला तो सगळा एका पानावर दिसत नाही. लहान माशाला जाळं बारीक, मोठ्या माशाला भोकं मोठी.

आता नेहमीचे तीन युक्तिवाद.

एक: "गावात कोण बघतंय हो हिशोब?"

बघतात. आजी उभी राहिली की. तिने विचारलं ते पोर्टलच्या भाषेत नव्हतं एवढंच. लोकांना 'वित्तीय विवरण' नको असतं. आमच्या वाडीला काय आलं, कुणी काम केलं, किती दिले, हे हवं असतं. हे पाच वाक्यांत सांगता येतं.

दोन: "मग माहिती अधिकार टाका."

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की सरकारी कार्यालयाने माहिती मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायची. म्हणजे अर्ज टाकायची वेळ येणं हाच कायदा न पाळल्याचा पुरावा. आणि लहान गावात अर्ज टाकणं म्हणजे भाऊबंदकीत वैर घेणं. दुसऱ्या दिवशी दाखला अडतो, तिसऱ्या दिवशी घराची नोंद अडते.

तीन: "हिशोब वाचून दाखवला की ब्लॅकमेल करणारे माजतात."

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. अर्ज टाकून पैसे उकळणारी जमात दोन्ही तालुक्यांत आहे, चांगल्या सरपंचांना त्यांनी रडवलंय. पण त्यांचा धंदा चालतो कशावर? लपलेल्या कागदावर. जे शंभर लोकांसमोर वाचून झालंय त्याचे पैसे कोण देणार? आमच्या सरपंचबाईंचंच बघा. तो पाइप पलीकडच्या वाडीला का गेला, हे दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचलं असतं तर भांडण झालं असतं, तासभर झालं असतं, आणि मिटलं असतं. उघडा हिशोब चोराला पकडतो हे सगळे सांगतात. तो सज्जनाला वाचवतो, हे कुणी सांगत नाही.

कायदा तर आधीपासून आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यायची आणि तिच्यासमोर मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षातली कामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी तिच्या उत्तरांसकट ठेवायची. पोर्टल नव्हतं, वीज नव्हती तेव्हाचा हा कायदा. पोर्टल आल्याने हे कलम रद्द झालेलं नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या गावांना तर आणखी एक हत्यार आहे. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पेसात स्पष्ट लिहिलंय की पंचायतीने केलेल्या खर्चाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं. कुणा अधिकाऱ्याकडून नव्हे, ग्रामसभेकडून. पाच टक्के पेसा निधीचा कोषही ग्रामसभेच्या नावाने आहे. माझ्या महादेव कोळी, ठाकर भावाबहिणींनो, किती वाड्यांत तुम्हाला खर्च वाचून दाखवून मग प्रमाणपत्र घेतलं गेलं? कोऱ्या इतिवृत्ताच्या वहीवर सह्या-अंगठे घेऊन नंतर वर मजकूर लिहिला जात असेल तर ते प्रमाणपत्र नाही, फसवणूक आहे.

आपण जुन्नरकर नाणेघाटाच्या गोष्टी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगतो. घाटाच्या तोंडावरचा दगडी रांजण दाखवतो, यात जकातीची नाणी टाकत म्हणून. शेजारच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गायी दिल्या, किती कार्षापण दिले, हे आकड्यांसकट भिंतीवर कोरलेलं. जुन्नरच्या लेण्यांत तर बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींच्या नोंदी आहेत. ती काही लोकशाही नव्हती, राणीचं दान म्हणजे राणीचा मोठेपणा. पण लेख कुठं कोरला? सगळी वाट जिथून जाते तिथं. तेव्हाही सगळ्यांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं असेल तेव्हाच बाकीच्यांना कळलं असेल.

आपली आजची भिंत म्हणजे पोर्टल. तेही सगळ्यांना वाचता येत नाही. मग वाचून दाखवणारा कुठाय?

म्हणून माझ्या पाच मागण्या. यात एकही अशी नाही की जिच्यासाठी मुंबईहून निधी यायला हवा.

१. प्रत्येक ग्रामसभेत पहिली पंधरा मिनिटं हिशोबाचं वाचन. पोर्टलवरच्या पानाचा कागद काढून, मराठीत, मोठ्याने. काम, वाडी, रक्कम, कुणाला दिली. आदल्या दिवशीच्या महिला ग्रामसभेतही तेच. 'ऑनलाइन आहे' हे उत्तर इतिवृत्तात लिहायला बंदी.

२. नोंद टाकताना वाडीचं नाव आणि कामाचं पूर्ण वर्णन. 'दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं बिल मासिक सभेने मंजूर करू नये.

३. प्रत्येक वाडीत एक फळा. शाळेची, समाजमंदिराची, कुठलीही भिंत चालेल. दर तीन महिन्यांनी खडूने चार ओळी: आले किती, गेले किती, कशावर, उरले किती.

४. सरपंचांची डिजिटल सही सरपंचांच्याच ताब्यात. परिचालकाचं मानधन वेळेवर.

५. लेखापरीक्षण गावामुळे रखडलं की विभागामुळे, ते तारखेसकट त्याच पानावर लिहा. विभागामुळे रखडलं असेल तर गावाचा पाण्याचा पैसा अडवू नका, रखडवणाऱ्याला जबाब विचारा. आणि गावात इतर खात्यांनी केलेला खर्चही त्याच पानावर दाखवा.

पहिल्या तीन मागण्या तर गाव उद्यापासून स्वतः करू शकतं. ठराव करा, सुरू करा. जीआरची वाट बघू नका.

वाचणाऱ्यांसाठी एक काम. ही पोस्ट लाइक करून पुढे जाऊ नका. आज रात्री ई-ग्रामस्वराज किंवा 'मेरी पंचायत' ॲप उघडा. आपलं गाव काढा, मागचं वर्ष निवडा. पाच खर्च वहीत उतरवा. ज्यांचा अर्थ लागत नाही त्यांच्यासमोर प्रश्नचिन्ह टाका. ती वही घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा आणि शांतपणे विचारा. आरोप करू नका, विचारा. निम्म्या गोष्टींची उत्तरं सरळ निघतील. उरलेल्या निम्म्यांसाठी तुम्ही तिथं असणं गरजेचं आहे.

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांना तर खास सांगतो. यात्रेला वर्गणी पाठवता, छान करता. तुमच्याकडे रेंज आहे, मोठा फोन आहे, इंग्रजी वाचता येतं. महिन्यातून एकदा गावाचा हिशोब वाचून घरी आईला फोनवर सांगा. बाकीचं आई बघून घेईल.

त्या आजींना मी फाइलमधलं सगळं जाऊन सांगितलं. पाइप पलीकडं का गेला, किती रुपये लागले, ठराव कधी झाला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग ह्ये तवाच का नाय सांगितलं? आमी काय नको म्हनलो असतो व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी द्यायला हवं त्यांनी द्यावं. ऑनलाइन नको. समोर, पडवीत, मोठ्याने.